झ्याक हाय, पावणं

पुरात घरं गेलेल्या बायकांना एका संस्थेनं शिलाई मशिनं दिली होती. ती वापरात आहेत का, हे पाहायचं काम माझ्याकडं होतं. आधी मी एसटीनं शिरोळकडं जाऊन घरोघर बघून यायचो. मग पुण्याच्या कचेरीनं सगळं फोनवरून करायचं ठरवलं. तेव्हापासून शाहूपुरीतल्या आमच्या जेवणाच्या टेबलावरच माझी पाहणी सुरू झाली.

एके दिवशी सकाळी चौदा फोन केले. चौदाही मशिनं उत्तम चालू होती. बायको भाजी निवडत होती. म्हणाली, "आपल्या घरात मिक्सर, गिझर आणि पंखा तिन्ही एकदम कधी धड असतात का? आणि तिकडं चौदाच्या चौदा?"

मलाही ते खटकत होतं. शंभर टक्के हा आकडा मला नेहमी न तपासलेला वाटतो. शिवाय दुरुस्तीची यादी त्याच संध्याकाळी पाठवायची होती. कारागीर एकदाच गावात जाणार. यादीत जिचं नाव नाही, तिचं मशीन तसंच पडून राहणार.

म्हणून सकाळच्याच एका बाईंना पुन्हा फोन लावला. शाळेच्या गणवेशांचं काम मिळालंय, शाळा उघडायच्या आत द्यायचंय, असं त्या सकाळी बोलल्या होत्या.

"मशीन कसं चाललंय, ताई?"

"झ्याक हाय की, पावणं."

"मग जरा चालवा. आवाज ऐकतो."

मग लांबून त्यांच्या सासूबाई बोलल्या, "आगं, चालव की! पावण्यास्नी ऐकू दे दोरा कसा तुटतोय त्यो. सकाळधरनं हातानं टाकं घालतीयास, आन् म्हनं झ्याक!"

"आत्ती, गप बसा की! बिघडवलं म्हणून मशीन काढून न्हेतील."

घरी आलेल्या माणसाला आपण रडगाणं सांगत नाही, बरं चाललंय म्हणतो. मी समक्ष जायचो तेव्हाही हेच ऐकायचो. पण तेव्हा मशिनावर घडी घालून ठेवलेली पांघरायची वाकळ मला दिसायची आणि मशीन बंद असल्याचं कळायचं. फोनवर नुसतं उत्तर येत होतं.

"कुणी नेणार नाही" असं चटकन म्हणावंसं वाटलं. पण मला नक्की ठाऊक नव्हतं. थोडा वेळ मागून घेतला आणि पुण्याला विचारलं. मशीन परत घेणार नाही, हे लेखी कळवा म्हटलं. मेसेज आला, तो बाईंना वाचून दाखवला.

"नक्की न्हवं?"

"नक्की."

"मग ल्ह्या. दोन बोटं शिवलं की दोरा तुटतोय."

बाकीच्यांनाही पुन्हा फोन केले. आधी मेसेज वाचायचा, मग "चालू आहे का?" ऐवजी "काय त्रास देतंय?" असं विचारायचं. यादीत सहा नावं झाली. पुण्याचे साहेब म्हणाले, "सकाळी एकही नव्हतं, संध्याकाळपर्यंत सहा कशी बिघडली?"

"बिघडलेली आधीच होती," मी म्हटलं. "सांगितली आत्ता."

कारागीर जाऊन आल्यावर त्या बाईंना फोन केला. मशिनाच्या खडखडाटात माझा प्रश्न त्यांना ऐकूच जाईना.

"पावणं, जरा थांबा," त्या ओरडल्या, "एवढी बाही हुंदे."

मी फोन कानाला धरून थांबलो.