टीम जिंकत होती, मी कडीच्या आत होते

"त्या बाईला आधी आत घाला रे!"

कोच सर ओरडले. पोरं वॉर्मअपला उतरत होती. हातात ओला मॉप, पायाशी बादली, अशी मी कोर्टावर उभी. ती बाई म्हणजे मी. गेले आत. गॅलरीखालची स्टोअर रूम. फाटक्या जाळ्या, हवा गेलेले बॉल, चुन्याची पोती. मागे दार लागलं.

नाशिकच्या एका कॉलेजात मी ठेकेदाराकडून सफाईला होते. पन्नाशी नुकतीच उलटलेली, नवरा जाऊन दोन वर्षं झालेली. अक्कल मात्र तिसरीतल्या नातीपेक्षा कमी.

झालं असं, की त्या वर्षी कॉलेजच्या मुलांची बास्केटबॉल टीम पहिलीच मॅच जिंकली. किती वर्षांनी! त्या दिवशी मी तापानं घरी. दुसऱ्या मॅचला मी होते, तर टीम हरता हरता वाचली. कुणाच्या तरी डोक्यात प्रकाश पडला. कारण तोंडानं कुणी सांगितलं नाही. कपाळ मोकळं. हातात झाडू. आडनाव हजेरीपटावर. सांगायचं काय राहिलं?

तेव्हापासून नेम ठरला. घामाचा थेंब राहिला तरी पोरगं घसरतं, म्हणून सकाळी गुडघ्यावर बसून कोर्ट पुसायचं आणि शिट्टीच्या आधी दिसेनासं व्हायचं. माझे हात चालायचे. तोंड नको.

आणि मी? सांगताना हसू येतं. मी खूश! दर रविवारी विहारात पहिल्या रांगेत. शकुन-अपशकुन खोटे, असं कुणी भाषणात म्हटलं की सगळ्यात मोठ्या टाळ्या माझ्या. मॅच असली की स्टोअर रूममध्ये. वर गर्व, की टीम जिंकतेय ती माझ्या न दिसण्यानं. एवढी ताकद होती माझ्या तोंडात, तर एखादं सरकार पाडायचं ना, बाई!

दाराखालच्या फटीतून नुसते बूट दिसायचे. बुटांची करकर, बॉलची धपधप, मग आरडाओरडा. त्यावरून कळायचं, आपण जिंकलो. 'आपण' म्हणायची मी.

एका मॅचला मी दार किलकिलं केलेलं कुणीतरी पाहिलं. म्हणून सेमीफायनलला कॅप्टननं बाहेरून कडीच घातली. "मावशी, आजच्या दिवस फक्त. राग नका मानू हां." बोलायला गोड पोरगा.

मॅच लांबली. जिंकले. ढोल वाजले. ढोल गेटकडे गेले, मग रस्त्यावर गेले. कडी तशीच. हाका मारल्या. दार बडवलं. मोबाइल बाहेर पिशवीत. पोटात कळा यायला लागल्या. किती वेळ दाबून धरणार? शेवटी साडी वर घेतली आणि मॉपच्या बादलीवर बसले. त्यानंतर हाका बंद केल्या. आता कुणी दार उघडूच नये असं वाटायला लागलं. अंधारात, त्या वासात, तोंडात पदर कोंबून बसले.

दिवस कलल्यावर वॉचमननं कडी काढली. मागे कॅप्टन, गुलालानं माखलेला, हातात पेढ्यांचा बॉक्स. "अरे, मावशी राहिल्याच की! सॉरी. पण मावशी, तुमच्यामुळे जिंकलो बरं का!"

मी पेढा खाल्ला. हो, खाल्ला. बादली पायानं मागे सारत "छान खेळलात" पण म्हणाले.

नाशिकरोडला घरी आले तर नात दारातच. "आजी, मॅच बघितलीस?"

"बघितली ना."

"मग फायनलला मी पण येणार. तुझ्याशेजारी बसणार."

माझ्याशेजारी. कुठे? चुन्याच्या पोत्यावर? नाही म्हणावं तर कारण सांगावं लागणार. आत नेलं तर कडी तिच्यावरही. बाहेर बसले तर काम जाणार, आणि घरची चूल त्याच कामावर. चार दिवस पोरीच्या डोळ्याला डोळा भिडवला नाही. एकदा वाटलं, फायनलच्या आधी आपल्यालाच काहीतरी व्हावं. मरावं, म्हणजे सुटू.

फायनलला कोर्ट पुसलं. हात धुतले. गेटवरून नातीला घेतलं आणि पहिल्या रांगेत जाऊन बसले.

कॅप्टन पळत आला. "मावशी, प्लीज. सर लय चिडतील."

"चिडू दे."

शिट्टी वाजली.

आता माझा खरा येडेपणा ऐका. बंड करून बसलेली मी, हात जोडून पुटपुटत होते, टीम जिंकू दे. हरली तर शिक्का कायमचा. जिंकली तर मी सुटले. शेवटचं मिनिट, आमची टीम एका पॉइंटनं मागे. मी डोळे गच्च मिटले.

"आजी, डोळे का मिटलेस? बघायला आलोय ना आपण?"

उघडले. आणि लख्ख कळलं. मी बाहेर आले होते, पण आरोपी म्हणून. निर्दोष ठरवा म्हणून त्यांच्याचपुढे हात जोडून बसले होते. हात सोडले. कॅप्टननं उडी घेतली. बुटांपासून डोक्यापर्यंत अख्खा माणूस हवेत. बॉल जाळीतून खाली पडला.

जिंकले. एका पॉइंटनं. पोरं नाचत होती. सर तडक माझ्याकडे आले.

"बघितलंत? तुम्ही बसलात आणि मॅच एका पॉइंटवर आली."

म्हणजे हरले असते तरी मीच. जिंकले तरी मीच.

म्हटलं, "सर, पन्नास पॉइंटनं हरला असतात, तरी मी इथेच बसले असते."

दुसऱ्या दिवशी ठेकेदाराचा फोन. "उद्यापासून येऊ नका." नंतर सातपूरला एका कारखान्याच्या कँटीनमध्ये भांडी घासली. पाठ कामातून गेली. लोक म्हणतात, जाऊ दे आजी, झालं ते झालं. का जाऊ दे?

आजही कुणी म्हणतं, जरा बाजूला व्हा, चांगलं काम आहे. मी होत नाही. मी अपशकुनी नाही हे पटवूनही देत नाही. कुणापुढेच देणार नाही. आहे तिथे उभी राहते. ज्याला भीती वाटते, त्यानं वळसा घालावा. मी हलणार नाही.