मुखरू भाऊचा मद्रासी

हिंदी पिक्चरमधला मुसलमान टेलर पाहा. डोळ्यात सुरमा, गळ्यात ताईत, अन् बोलता बोलता मधातच शेर मारते. मी रफीक. धानोऱ्यात बसस्टँडच्या मागं बापाच्या काळापासून दुकान आहे. माझ्या गळ्यात टेप असते अन् शेर मारायले मले टाइम नाई. मराठी माणूस दाखवला तं एक हवालदार, नाई तं भांडे घासणारी बाई. आपण तिकीट काढून पाहतो, हसतो अन् घरी येतो. म्हणून मी मुखरू भाऊले एकट्याले दोष देत नाई. पण त्याच्या पायी पोरीची सोयरीक कशी मोडता मोडता राह्यली, ते सांगतो.

मुखरू भाऊचं गाव धानोऱ्यापासून आत, जंगलाच्या अंगाले. धानाची शेती, घरी बायको कमळाबाई अन् एकच पोरगी दिव्यानी. माणूस तसा साधा. दिवसभर लुंगीवर असते, दोन्ही टाइम भात खाते, कोणाच्या अध्यात नाई. पण दिवाळी झाली का आमच्या झाडीपट्टीत गावोगावी मंडई भरते. दुकानं लागतात, पाहुणे येतात अन् भरदुपारी ढोलकीवर दंडार उभी राह्यते. नाचगाणं होते, मधात सोंगं येतात. त्या दंडारीत मुखरू भाऊ मद्रासी अण्णा होते, अन् मंग आजूबाजूच्या गावचे लोक पोट धरून लोळतात.

हा मद्रासी त्यानं पाहिला कुठी? तं पिक्चरमध्ये. जवानीत गावात व्हिडिओ यायचा, तवा पाहिलेला. कपाळावर राखेचे पट्टे, डोक्यातून तेल गळून राह्यलेलं, दर वाक्याले अय्यो, अन् हिंदी अशी का पुरुष असून बाईसारखा बोलते, 'हम आती जी, हम जाती जी.' सिरोंचाकडचे तेलगू आम्ही रोज पाहतो, ते आमचे. त्याच्या खाली समुद्रापर्यंत जेवढे काही लोक असतील ते सगळे मुखरू भाऊच्या हिशोबानं एकच, मद्रासी. पिक्चरवाल्यांच्याही हिशोबानं एकच, मंग त्याचं काय चुकलं?

दरसाल त्यात भर पडत गेली. राखेच्या जागी चुना आला, बोटभर जाड. कमरेले जाळीत बांधून नारळ आला. डोक्यात शेवंतीचा गजरा आला. मंग टीव्हीवर ते डब केलेले पिक्चर सुरू झाले, ज्यात जीप हवेत उडतात अन् मिशीवाला सरपंच कोयता घेऊन धावते. गावचे पोट्टे म्हणाले, 'भाऊ, तुमचा मद्रासी जुना झाला.' झालं. मुखरू भाऊनं काळी मिशी चिकटवली अन् हातात कोयता घेतला. कपडे मीच शिवायचो. भाषा तं विचारूच नका, कोणी डब्यात गोटे टाकून हलवून राह्यलं असं वाटे. आम्ही तिलेच तमिळ समजत होतो.

अन् याच्याच पोरीनं तिरुपूरले जाऊन तमिळ पोट्टा पसंत करावा!

दिव्यानी माझ्या दुकानात काज-बटन शिकली. हात साफ, शिलाई सरळ. एका सरकारी योजनेत ट्रेनिंग झालं अन् गावच्या आणखी पोरींसोबत ती तिरुपूरच्या कपडा कारखान्यात गेली. तिथी मशीन दुरुस्त करणारा प्रवीण तिले भेटला. नाव ऐकून गाव हिरमुसलं. लोकांले वाटलं होतं हातभर लांब नाव असन, अन् हे प्रवीण, आमच्या ग्रामसेवकाचंही तेच. बाप नाई, आई पेच्चियम्मा तिथंच कारखान्याच्या क्यांटिनमध्ये. आईचं म्हणणं एकच होतं: पोरगी चांगली आहे, पण घर पाहीन, माणसं पाहीन, मंगच हो म्हणीन. मंडईले सोयऱ्याले बोलवायचं अन् तिथंच लग्नाची गोठ पक्की करायची, ही आमच्याकडची रीतच. दिव्यानीनं घरी सांगतलं, आम्ही तिघं मंडईले येतो. अन् बापाले एकट्याले फोनवर आणखी एक सांगतलं.

"बाबा, यावेळी अण्णा नाई. मी हात जोडते. त्यांच्यासमोर नको."

मुखरू भाऊ दुकानात आला अन् बसून राह्यला. पोरीनं पहिल्यांदा काही मागतलं, म्हणे. तो सोंग काढणार नाई म्हणजे नाई. सोंगाची पेटी, मिशी-कोयत्यासकट, त्यानं माझ्याच काउंटरवर ठेवली. मले खरंच बरं वाटलं.

मंग गाव लागलं तयारीले. पाहुणे काय खातील, यावर पारावर सभा बसली. जुने म्हणत, मद्रासी म्हणजे शुद्ध शाकाहारी, कांदाही चालत नाई. जवान पोट्टे म्हणत, नाई हो, ते बकरा कापून जीपवर बसून खातात, आम्ही पाहिलं. कोणी म्हणालं, आईच्या संगं गुंडे असतील काय? एकानंही दिव्यानीले फोन लावून विचारलं नाई. कायले विचारतील, सगळ्यांले माहीत होतं ना! कमळाबाईनं धानोऱ्यातल्या एका मॅडमचं इडलीपात्र आणलं, पाकिटातलं पीठ भिजवलं. त्या इडल्या मी पाहिल्या. एखादी पायावर पडली असती तं अंगठा सुजला असता.

मुखरू भाऊ गडचिरोलीच्या स्टँडवर घ्यायले गेला तं प्यांट घालून. जन्मात प्यांट घातली नाई, पण लुंगीत दिसलो तं नक्कल करून राह्यला म्हणतील, ही भीती. घरी आल्यावर प्रवीणनं पहिली गोष्ट काय मागावी? लुंगी. दोन दिवसांच्या गाडीत अंग आंबून गेलं, म्हणे, एखादी असली तं द्या. मुखरू भाऊनं स्वतःची दिली अन् स्वतः पाहुणे जाईपर्यंत प्यांटीत घामेघूम फिरला.

पेच्चियम्माले पाहून तं गावाचा हिशोबच चुकला. सावळी, काटक बाई, नाकात चमकी, तळहात माझ्या हातासारखे कामानं घट्ट. गुंडे नाई, गजरे नाई, अय्यो नाई. तिच्या पिशवीत पाहा काय होतं! तांदूळ. पाच-सहा किलो. तिनंही तिकडे ऐकलं होतं ना, का उत्तरेकडचे लोक निव्वळ चपात्या खातात, भात नावालेही भेटत नाई. म्हणून बिचारी पार तिरुपूरहून तांदूळ वाहून आमच्या धानाच्या मुलखात घेऊन आली. कमळाबाईनं ते तांदूळ हातात घेऊन पाहिले, चांगले आहे म्हणाली अन् आपल्या कोठीजवळ ठेवले. इडली बाईनं एक खाल्ली अन् वर तांब्याभर पाणी प्याली. दुसऱ्या दिवशी सकाळी कमळाबाई चुलीजवळ रात्रीचा पाण्यातला भात मिरची-कांद्यासंगं खाऊन राह्यली होती, तं ही बाई जवळ येऊन बसली अन् आपलं ताट पुढं केलं. दुपारी झिंग्याची भाजी दोघींनी मिळून संपवली. भाषा नाई, काही नाई, हातानंच गोठी चालल्या. दिव्यानी मधात बसून तमिळ बोले, तवा आम्ही तोंड पाहत राहो. इतकी मऊ भाषा असते ती! कुठीच गोटे वाजत नव्हते.

सगळं असं सुरळीत चालू असताना मंडईचा दिवस आला अन् गुणवंतराव मधात पडले.

गुणवंतराव म्हणजे मंडई समितीचे अध्यक्ष. माणूस वाईट नाई, पण माइक हातात आला का त्यांले काही सुचत नाई. त्यांनी पेच्चियम्माले पहिल्या रांगेत खुर्ची दिली, शेला दिला, नारळ दिला. तिथपर्यंत ठीक. मंग दंडार रंगात आली अन् माइकवर त्यांचा आवाज घुमला, का आज आपल्यामध्ये थेट मद्रासहून पाहुण्या आल्या आहेत, तेव्हा त्यांच्या सन्मानार्थ खास पेशकश, आपला मुखरू भाऊ, मद्रासी अण्णा!

सन्मानार्थ. कसम खाऊन सांगतो, त्यांच्या मनात चेष्टा नव्हती. आपल्या घरी कोणी आलं तं आपण त्याच्या आवडीचं वाढतो, तसं त्यांनी मद्रासच्या बाईले मद्रासी वाढायचं ठरवलं. इतका भला मूर्खपणा मी उभ्या जन्मात पाहिला नाई. समितीनं पेटीही मी नसताना माझ्या दुकानातून पोऱ्या पाठवून आणवली होती, चुना, मिशी, कोयत्यासकट. मी गुणवंतरावांले हात धरून बाजूले नेलं, समजावलं. ते म्हणाले, 'रफीक भाऊ, पाहुणी एवढ्या दुरून आली, अन् तिले आपलीशी वाटणारी एक गोष्ट नको काय दाखवायले?'

अख्खी मंडई अण्णा, अण्णा ओरडून राह्यली. मुखरू भाऊ प्यांटीत उभा, तोंड पांढरं, चुना लावायच्या आधीच. त्यानं पोरीकडे पाहिलं. दिव्यानीनं मान हलवली, नाई म्हणून. त्यानं पब्लिककडे पाहिलं. वर्षानुवर्षे ज्यांनी खांद्यावर घेऊन नाचवलं ते सगळे होते. अन् गेला बाप्पा पडद्याआड. मले इतका राग आला का त्याची मिशी मी चिकटवलीच नाई, त्यानं स्वतःच चिकटवली, वाकडी.

पहिले तं तो मेल्यासारखा नाचला. मंग एक पोट्टा हसला, बाया हसल्या, अन् त्याच्या अंगात आलं. त्या दिवशी मुखरू भाऊ असा नाचला का पुन्हा कोणी नाचणार नाई. नारळावर घसरला, कोयता फिरवला, गजरा खाल्ला, हम आती जी म्हणत तीनदा धडपडला. लोक रडेपर्यंत हसले. मी पेच्चियम्माकडे पाहत होतो. बाई पदर तोंडाले लावून बसली होती, हसते का रडते काही कळेना. तिच्या बाजूले दिव्यानी मान खाली घालून पायानं माती उकरून राह्यली होती.

घरी आलो. कमळाबाईनं चहा ठेवला. मुखरू भाऊ चुना धुऊन आला, कानामागं थोडा राह्यलाच होता. प्रवीण मोबाइलमध्ये डोकं घालून बसला. पोरीचे डोळे लाल. त्या घरात एकच गोष्ट सगळ्यांच्या मनात होती अन् ती त्या बाईच्या तोंडातून निघायची होती.

पेच्चियम्मानं चहा संपवला, कप खाली ठेवला अन् दिव्यानीले काहीतरी विचारलं. दिव्यानी कप उचलायले लागली. बाईनं पुन्हा विचारलं.

"काय म्हणून राह्यल्या?" मुखरू भाऊनं विचारलं.

दिव्यानीनं आधी प्रवीणकडे पाहिलं, मंग बापाकडे.

"म्हणतात, तुझे बाबा लय चांगले नाचतात. हसून हसून पोट दुखलं. पण तो पांढऱ्या पट्ट्याचा माणूस कुठल्या मुलखातला दाखवला, ते समजलं नाई. तसा माणूस त्यांनी कधी पाहिला नाई, म्हणतात."

मी बाईच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. टोमणा नव्हता. खरंच विचारून राह्यली होती. प्रवीणले समजलं होतं, अन् म्हणूनच तो मोबाइलमधून डोकं काढत नव्हता. मुखरू भाऊले सुटून जाता आलं असतं. जंगलातला म्हणता आलं असतं, जुन्या काळातला म्हणता आलं असतं. त्यानं हाताचे तळवे प्यांटीले पुसले.

"हिंदी पिक्चरवाल्यांच्या मुलखातला," तो म्हणाला.

दिव्यानीनं ते तमिळमध्ये सांगतलं. पेच्चियम्मानं ते ऐकून घेतलं. मंग कमळाबाईकडे सरकली, तिचा हात आपल्या हातात घेतला अन् हळूहळू, एकेक शब्द तोलून बोलली. दिव्यानी सांगायले लागली अन् सांगता सांगता तिले रडू फुटलं.

"म्हणतात, तो मुलूख काही चांगला दिसत नाई. आपली पोरगी तिकडे नका देऊ. आमच्याकडे द्या."

मुखरू भाऊनं डोळे पुसले. कानामागचा चुना गालाले लागला.

"नाई देत, बाई, तिकडे," तो म्हणाला, "तुमच्याकडेच देतो."