सांगावा येईतो जुनंच

रेवदंड्याच्या बंदरावर आगबोटीपर्यंत नेणाऱ्या पडावात मी पाय टाकला तेव्हा बाने माझ्या हातात तांदळाचं गाठोडं दिलं, आणि ते निघालं जुन्या तांदळाचं. मला असा राग आला म्हणून सांगू! आश्विन चाललेला. पावसाळाभर बंद असलेली आगबोट नुकती सुरू झालेली. वाटेत दोन्ही अंगांना भात लोंबीवर आलेलं. आणि लग्न झालेली एकुलती लेक पहिल्यांदा मुंबईला निघाली तर बाप देतो काय, मागल्या सालचा तांदूळ. आई नव्हतीच, ती मी परकरात असतानाच गेली. तिने तरी नव्याच्या चार लोंब्या लपवून दिल्या असत्या, असं मनात आलं. बाला ते कळलं असावं. पडाव सुटायच्या आधी तो एवढंच म्हणाला, "भात अजून चिकात हाय. नवं जालं का सांगावा धाडीन. तवर जुनंच खा."

ही एकोणीसशे वीस-बावीस सालाच्या सुमाराची गोष्ट. आज ती उकरून काढतेय, कारण माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली आहे. गावात राहिलात त्यांनी ऐका, आणि माझ्यासारखे पोटामागे मुंबईला आलात त्यांनी तर कान उघडे ठेवून ऐका.

बाकीच्या गावांत दसऱ्याला नाहीतर कोजागिरीला नवं बांधतात. आंब्याच्या पानात भाताची लोंबी, नाचणीचं कणीस, कुरडूचं फूल घालून जुडी करायची आणि ती दाराला, कणगीला, नांगराला बांधायची. नव्या तांदळाचे चार दाणे खिरीत टाकायचे, ती खीर सगळ्यांनी खायची, मग घरात नवा भात शिजायला मोकळा. आमच्या वाडीतही हेच, पण दिवस पंचांग ठरवत नसे. दिवस शेत ठरवायचं, आणि शेताला विचारायचा मान आमच्या घराचा. बा सकाळी अनवाणी बांधावर जायचा, उगवतीच्या कोपऱ्यातली लोंबी तळहातावर घ्यायचा, एक दाणा दाताखाली धरायचा. दाणा कट् वाजला तर नारळ फोडायचा. नाही वाजला तर हात जोडून परत. सगळी वाडी त्याच्या तोंडाकडे बघत असायची. देव कुठे आहे म्हणून कुणी विचारलं तर बा देवळाकडे नाही, त्या कोपऱ्याकडे बोट दाखवायचा. भाद्रपदात शेताकडेने मोठ्याने भांडलेलंही त्याला खपत नसे. पोटुशी बाई आणि पोटरीतलं भात, दोघांना घाई लावू नये, म्हणायचा.

मुंबईत लालबागच्या चाळीत आमची एक खोली. माझे मालक गिरणीत साच्यावर कापड विणायचे, आणि मी आमच्या वाडीतल्या गिरणीवाल्यांची खानावळ चालवायची. दोन पाळ्यांची माणसं दोन वेळा जेवायची. दुकानात रंगूनचा तांदूळ मिळायचा, स्वस्त आणि पांढराफेक, चव म्हणाल तर चुन्याची. मुंबईत ऋतू कुणाला कळतो? उठायचं भोंग्यावर, निजायचं भोंग्यावर. पण नळापाशी चतुर घिरट्या घालायला लागले, दुपारचं ऊन चटचट भाजायला लागलं, आणि गच्चीवर वाळत टाकलेल्या मिरच्यांना पाऊस शिवेनासा झाला, की मी ओळखायची, गावाकडे भात निसवलं. मग बाच्या सांगाव्याची, म्हणजे नव्या लोंब्यांच्या पुरचुंडीची वाट बघायची. तो बोटीवरच्या खलाशाकडे ती द्यायचा, खलाशी धक्क्यावर आमच्या माणसाकडे. कधी दसऱ्यानंतर, कधी दिवाळीच्या तोंडावर. ती आली की मी चुलीवरच्या आढ्याला जुडी बांधायची, खिरीत दाणे टाकायची, आणि सगळी माणसं मुकाट बसून खायची. कुणी कुणी रडायचं. ती येईपर्यंत मी घरच्या गाठोड्यातला जुना तांदूळ पुरवून पुरवून खायची.

बरीच वर्षं असं नीट चाललं. मग आमच्या वाडीचा नाना जॉबर झाला. कानामागून आला आणि तिखट झाला. खात्यात माणूस ठेवायचा की काढायचा ते त्याच्या हातात, म्हणून वाडीतल्या सगळ्यांच्या माना त्याच्यापुढे खाली, आमच्या मालकांची सुद्धा. त्याने गावकऱ्यांचं मंडळ काढलं. एका वर्षी म्हणाला, नवं मंडळातर्फे थाटात करायचं, कोजागिरीलाच, हेडजॉबरला आणि त्याच्या चार मित्रांना जेवायला बोलावलंय. त्या साली पाऊस उशिरा आला होता, लावणी मागे पडली होती. मी म्हटलं, नाना, बाचा सांगावा आलेला नाही. तो हसला आणि दोन माणसं घेऊन बोटीने गावी गेला.

परत आला तो हिरव्या लोंब्यांचा भारा घेऊन. माझ्या चुलीपुढे टाकला आणि स्वतःच फुशारकीने सांगायला लागला. म्हातारा बांधावर आडवा उभा राहिला, म्हणे. आम्ही त्याला सांगितलं, देवळावर कौलं कुणाच्या पैशाने चढली? मुंबईच्या. मग नवं मुंबईच्या तारखेला. त्याला धरून बाजूला बसवला आणि कापलं. कुठलं कापलं, तर उगवतीच्या कोपऱ्यातलं. मान तिथलाच ना, म्हणाला.

मी एक दाणा घेतला आणि दोन नखांत दाबला. पांढरा चीक बोटावर आला. दिवस भरायच्या आत कुणी पोटुशीचं पोट फाडावं तसं मला झालं. माझ्या बापाला धरून बाजूला बसवला! ज्याने आयुष्यात शेतावर आवाज चढवला नाही त्याला, त्याच्याच बांधावर!

नाना म्हणाला, "बघतेस काय यमुने, खीर टाक. पौर्णिमा काय तुझ्या बापासाठी थांबणार हाय?"

मी म्हटलं, "पौर्णिमेला थांबायला कुणी सांगितलं न्हाय. थांबायचं माणसाच्या पोटानं. माझ्या चुलीवर ह्यातला एक दाणा शिजणार न्हाय."

आणि चुलीवरचं दूध उतरवून मी निखाऱ्यांवर पाणी ओतलं. राख उडून त्याच्या धोतरावर गेली ती गेलीच. मालक खोलीच्या दारात उभे होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. नाना भारा उचलून दुसऱ्या चाळीतल्या खानावळीत गेला, माणसं त्याच्यामागे गेली, आणि आमचे मालकही गेले. खीर खाऊन आले. जॉबरपुढे कसं नाही म्हणायचं, म्हणाले. मी त्यांना पाणी दिलं. एवढं करून त्यांची जागा राहिली असती तर एक होतं. महिन्याच्या आत नानाने त्यांना बदलीवर टाकलं. रोज गिरणीच्या फाटकावर जाऊन उभं राहायचं, कुणी गैरहजर असला तर काम, नाहीतर घरी. माझ्या खानावळीतली निम्मी माणसं फिरकेनाशी झाली. जे येत ते मान खाली घालून जेवत आणि पटापट हात धुवत.

हे मी सोसलं. मला सोसवलं नाही ते बाचं गप्प राहणं. दिवाळी गेली, सांगावा नाही. गावाकडे कापण्या उरकल्या, झोडणी झाली असं येणारा-जाणारा सांगायचा, पण पुरचुंडी नाही. गाठोड्यातला तांदूळ तळाला गेला. मग मी दुपारी एकदाच भात खाऊ लागले, रात्री भाकरी. शेजारीण म्हणाली, अगं वेडे, गावात सगळे नवं खातायत, तू कुणासाठी थांबलीस? मला वाटायला लागलं, बाने मला त्या नानाच्याच ओळीत बसवलं. मुंबईची म्हणून. मी इथे चूल विझवली हे त्याला कोण सांगणार?

शेवटी मार्गशीर्षात मी बोटीत बसले आणि गावी गेले. कणग्या भरलेल्या होत्या. बा ओट्यावर नाचणीची भाकरी खात बसला होता. माझा धाकटा भाऊ पांडू दारात तोंड पाडून उभा. त्याने सांगितलं, कोपरा चिकात कापला गेला म्हणून बाने यंदा या घरात नवं खायचं नाही असं ठरवलंय. वाडीला मोकळीक दिली, स्वतःच्या घराला नाही. जुना तांदूळ संपला तेव्हापासून नाचणी. ज्याने पाप केलं तो मुंबईत ढेकर देतोय आणि हा म्हातारा भाकरी चघळतोय! मी ओट्यावर बसून नानाला तोंडाला येतील तेवढ्या शिव्या दिल्या. बाने मला थांबवलं नाही. माझ्या शिव्या संपल्यावर त्याने एकच विचारलं, "तू काय खाल्लंस?"

"जुनंच. तुझा सांगावा कुठं आला?"

बाने भाकरीचा तुकडा मोडून माझ्या हातावर ठेवला. म्हणाला, "मंग तू घरातच व्हतीस."

त्यानंतर बा काही वर्षं होता. दर साली दाणा चावून, वाजवून, मगच सांगावा धाडायचा. आता तो नाही. मान पांडूकडे आला. नाना म्हातारा झाला, गिरणीतून निघाला, पण त्याची खोड मंडळाला लागली ती लागलीच. उंटावरून शेळ्या हाकायच्या! आणि पांडू, माझा सख्खा भाऊ, बाच्या मांडीवर बसून दाणा चावायला शिकलेला, त्याने यंदा बरोबर कोजागिरीच्या आदल्या दिवशी पुरचुंडी धाडली. मंडळाचं पत्र आलं होतं, म्हणे. लोकांना सुट्टी तेव्हाच मिळते, म्हणे. यंदाही पाऊस लांबला होता, हे मला इथे चाळीत कळतं आणि त्याला बांधावर उभं राहून कळत नाही?

मी दाणा दाबला. चीक आला. पुरचुंडी होती तशी बांधली आणि त्याच बोटीने परत धाडली.

पांडू, तुला आणि वाडीला वाईट वाटलं असेल तर वाटू दे. यमुनेला मुंबईचं वारं लागलं, घर विसरली, असं तू बोटवाल्यापाशी म्हणालास ते माझ्या कानावर आलंय. तर ऐक. बाने दिलेलं गाठोडं मी अजून दर साली गावाहून जुन्या तांदळाने भरून आणते, आणि आज सकाळीही त्यातलाच तांदूळ शिजवला. दाणा वाजला की सांगावा धाड, तोवर मी जुनंच खाणार. मी घरातच आहे. घर सोडून गेलात ते तुम्ही.