दत्ताकडचा अर्धा भाग

आमच्या गावच्या लालबाग मोहल्ल्यातल्या दिगंबरला पुस्तकांचं वेड होतं म्हणाल, तर साफ खोटं. त्याचं आयुष्य गेलं पॉवरलूमच्या खडखडाटात. वेड होतं ते शेजारच्या दत्तात्रयला. रोज संध्याकाळी दोघं नदीच्या राजघाटावर बसत. दत्ता परग्रहांच्या गोष्टी सांगे आणि दिगंबर "काहीही फेकतो यार" म्हणत ऐके. बायको गेल्यावर तेवढी संध्याकाळच त्याच्या वाट्याला उरली होती.

मग दत्ताचा मुलगा त्याला नाशिकला घेऊन गेला. निघायच्या दिवशी दत्ताने आपली लाडकी, जाडजूड विज्ञान कादंबरी काढली आणि ब्लेडने चक्क मधोमध कापली! पहिला भाग दिगंबरच्या हातात दिला. "सुरुवात लय जड आहे, पण सोडू नको. हा संपला की फोन कर. दुसरा भाग घेऊन मी स्वतः येतो."

येतो म्हणाला ना? झालं! दिगंबरने कंबर कसली.

पण ती सुरुवात! पहिल्याच पानावर ढीगभर ग्रह, दोन राजघराणी, आणि कोण कोणाचा कोण, काही पत्ता नाही. अरे, आलेल्या माणसाला आधी बसा तरी म्हणावं! दोन पानांत त्याचे डोळे मिटत. उन्हाळा गेला, पावसाळा गेला, गडी अजून तिथेच घुटमळतोय. इंदूरहून मुलगा, निलेश, फोनवर म्हणे, "पप्पा, छोड दो ना. मोबाइलवर बघा काहीतरी." त्याला काय सांगणार? दिगंबरला त्या ग्रहांशी काही घेणंदेणं नव्हतं. त्याला दत्ता हवा होता.

शेवटी त्याने त्या अवघड नावांना ओळखीचे चेहरे चिकटवले. बादशहा म्हणजे केळीचा अडत्या, यानाचा कप्तान म्हणजे कारखान्यात माग दुरुस्त करणारा बडबड्या जॉबर, रागीट राणी म्हणजे मालूबाई भाजीवाली. मग गाडी चालू लागली. घाटावर एकटाच मोठ्याने वाचायचा. लोक बघत, बघोत बापडे! दिवाळीनंतर एका दुपारी पहिला भाग संपला, तोही वाक्य अर्धं तोडून.

त्याने तिथूनच फोन लावला. "दत्ता, झालं रे! कधी येतो?"

"शाब्बास रे पठ्ठ्या! बघतो," दत्ता म्हणाला.

दिगंबरने घर झाडलं, पलंगावर नवी चादर घातली, दत्ताला आवडते म्हणून दराब्याची मिठाई आणून ठेवली. चार-पाच दिवसांनी दार वाजलं. कुरिअरवाला होता. पाकिटात दुसरा भाग.

"तू येणार होता ना?" त्याने फोनवर विचारलं.

"अरे भाऊ, गुडघे जवाब देऊन राहिले. मुलगा एकट्याला सोडत नाही. वाच ना आता, खरी मजा पुढेच आहे."

"हो. वाचतो."

फोन ठेवल्यावर त्याला रडू कोसळलं. लाज कसली? बघायला घरात होतं कोण? पुष्कळ वेळाने तो उठला, दुसरा भाग पाकिटासकट कपाटात ठेवून दिला, चष्मा पुसला आणि पहिला भाग पुन्हा पहिल्या पानापासून काढला. तो संपेपर्यंत तरी दत्ता अजून यायचाच होता.