तळ्याखालची बहीण

माझ्या धाकट्या बहिणीचा ताप उतरला त्या दिवशी घरात आनंद व्हायला हवा होता. तो झाला नाही, कारण ताप गेला आणि जाताना शकूलाही घेऊन गेला असं आम्हाला वाटू लागलं. ती अंथरुणावर होती, डोळे उघडे होते, चमच्याने पेज घातली की कशीबशी गिळत होती. पण हाक मारली तर वळत नव्हती, आणि आईकडे बघायची ते भिंतीकडे बघावं तसं. चिखलीचे आमचे डॉक्टर भले गृहस्थ होते. मोतीझऱ्याच्या तापानंतर कधी कधी असं होतं, म्हणाले. माझं औषध जिथवर जातं तिथवर गेलं, आता तिच्याशी बोलत राहा आणि वाट बघा. पुष्कळजण परत येतात. सगळेच येतात का, हे मी विचारलं, तेव्हा त्यांनी आपली बॅग बंद केली. मी चिडले. मला करण्यासारखं काहीतरी हवं होतं. वाट बघणं हे काम मला कधीच जमलेलं नव्हतं.

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. बाबा शाळामास्तर, आणि शाळा सुटली की पायाने चालवायच्या लहानशा छापयंत्रावर स्वतः शिशाचे अक्षर-खिळे जुळवून पत्रकं छापणारे. हुंड्याविरुद्ध, शिवाशिवीविरुद्ध, नवसांविरुद्ध. आमच्या घरात देवाचा कोनाडा होता, पण त्यात पत्रकांचे गठ्ठे असत. मुळाक्षरं मी खिळ्यांवरूनच शिकले, म्हणजे आधी उलटी आणि मग सुलटी. नवं राज्य झालेलं होतं, सगळं काही मराठीत नव्याने मांडायचं होतं, आणि ते मीच मांडणार याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. त्या श्रावणात मी माझं पहिलं मोठं पत्रक लिहीत होते. मथळा जुळवून तयार होता : ‘साऱ्या जगाची एकच थाप’. बाबांच्या कपाटातल्या जाडजूड इंग्रजी पुस्तकांतून मी देशोदेशींच्या दंतकथा गोळा केल्या होत्या. जपानात सूर्यदेवी रुसून गुहेत बसते आणि जग अंधारतं. ग्रीकांकडे एका मुलीला जमिनीखालचा राजा पळवतो आणि तिची आई पिकं वाढू देत नाही. दोन नद्यांच्या मधल्या त्या जुन्या मुलखात एक देवी पाताळात उतरते आणि प्रत्येक दारापाशी एकेक दागिना काढून देते. आणि आमच्या लोणारला राक्षस जमिनीखाली दडून बसतो! नावं बदलतात, गोष्ट तीच. एकच थाप सगळीकडे, म्हणजे ती थापच, असा माझा मुद्दा होता, आणि तो मला इतका आवडला होता की मी तो जेवताना, वेणी घालताना, शकूच्या उशाशी बसूनसुद्धा घोकत असे.

अशा घरात आईने कधी काही मागितलं नव्हतं. तिचं माहेर लोणारकडचं. तिकडे तळ्याच्या काठावर दगडातून गोड्या पाण्याची धार बारमाही पडते, तिला लोक तीर्थ म्हणतात. त्या रविवारी सकाळी आई म्हणाली, “मले धारेचं पाणी आणून दे. शकूच्या डोळ्याले लावतो. तुहं पटलं नाही तरी आणून दे.” मी बाबांकडे पाहिलं. ते काहीतरी म्हणतील, निदान मान हलवतील, असं वाटलं. ते उठले, फळीवरचा तांब्या काढला, धोतराच्या सोग्याने पुसला आणि माझ्या हातात दिला. बाबा हरले असतील तर आता कोण उरलं? मी स्वतःला बजावलं, पाण्यावर माझा विश्वास नाही, पण आईसाठी मी ते आणीन. मी आणीनच.

मेहकरपर्यंत एस.टी. नीट गेली. सुलतानपूरला गाडी फेल झाली. ड्रायव्हर खाली उतरून बॉनेटमध्ये डोकं घालून बसला, कंडक्टर म्हणाला, होऊन जाईल, बाई, आणि ते होईना. मी तांब्या घट्ट धरून रस्त्यावर फेऱ्या मारू लागले. परतीची गाडी चुकली तर मुक्काम पडणार होता आणि तिकडे घरी शकू तशीच. तेवढ्यात निंबाच्या पारावरून एका बाईने हाक मारली. पन्नाशीची, उंचपुरी, हिरवं लुगडं, मुठीत काहीतरी धरलेलं.

“काऊन वं पोरी, चकरा मारून राह्यली? बस इथं. कहानी ऐकतं का?”

श्रावणातल्या रविवारचं व्रत. कहाणी कुणाला तरी ऐकवल्याशिवाय बाईने जेवायचं नाही, आणि ऐकणाऱ्याने हुंकार द्यायचा. सांगणारी एकेका वाक्यापाशी थांबते, समोरून ‘हुं’ आलं तरच पुढे सरकते. ही बाई सकाळपासून ऐकणारं माणूस शोधत होती. शेजारणी निंदायला गेलेल्या, सून माहेरी. चहावाला म्हणाला गिऱ्हाईक आहे, कंडक्टर म्हणाला मी ड्युटीवर आहे. शेवटी निंबालाच सांगून पाहिली, पण झाड हुंकार देत नाही, असं ती अगदी तक्रारीच्या सुरात म्हणाली. मी तिला माझं मत सांगितलं. उपास ही बायकांच्या पायातली बेडी कशी आहे, भुकेल्या पोटाने कुणाचं भलं होत नाही, हे सगळं, पत्रकातल्या वाक्यांसकट. तिने मन लावून ऐकलं.

“बराबर आहे तुहं,” ती म्हणाली. “झालं का भाषण? आता माही कहानी ऐक. मले लय भूक लागली.”

मला हसू आलं. किती दिवसांनी आलं! मी पारावर टेकले. तिने मुठीतले ज्वारीचे दाणे निम्मे माझ्या हातात ओतले आणि सुरुवात केली. एक तळं होतं. हुं. तळ्याखाली गाव होतं. हुं, म्हटलं, लवकर आटपू दे. दोघी बहिणी होत्या, थोरलीला तळ्याखालच्या राजाने नेलं. धाकटी म्हणाली, मी तिला आणीन. ती पाण्यात उतरली. पहिल्या दारापाशी दारवान म्हणाला, बांगड्या ठेव. तिने ठेवल्या. दुसऱ्या दारापाशी म्हणाला, जोडवी ठेव.

मी हुंकार द्यायलाच विसरले. ही गोष्ट मला माहीत होती! दोन नद्यांच्या मुलखातली, हजारो वर्षांपूर्वीची, माझ्या पत्रकाच्या दुसऱ्या पानावरची, खिळ्यांत जुळवून ठेवलेली! ती इथे, सुलतानपूरच्या पारावर, बंद पडलेल्या गाडीसमोर, एका भुकेल्या बाईच्या तोंडी कशी आली? कुठून ऐकली, मी विचारलं. सासूनं सांगितली, ती म्हणाली, तिले तिच्या सासूनं. आणि मग रागावून, “हुंकार दे ना वं. थांबली ना मी.”

मी हुंकार दिला. या वेळी मनापासून. तिसरं दार, चौथं दार. पदर, वेणी, कपाळाचं कुंकू. शकूला मी पाहत होते, एकेका दारातून खाली खाली जाताना. शेवटच्या दारापाशी धाकटीजवळ काहीच उरलं नव्हतं. दारवान म्हणाला, एक आहे अजून, ते ठेव. ती म्हणाली, काय राहिलं? ही वाट माझ्या पुस्तकात नव्हती.

“दारवान म्हने, ते ‘मी आणीन’ म्हणतं ना तू, ते ठेव इथं. तुह्या आणल्यानं ती येत नाही. ती तिच्या पायानं येईन. तू दारात बस.”

हुं, मी म्हटलं, की नुसतेच ओठ हलले, मला आठवत नाही. मग थोरली आपल्या पायांनी आली, आणि वर येताना प्रत्येक दाराने ठेवलेलं परत दिलं. कहाणी संपली. बाईने दाणे कपाळाला लावले, शिदोरी सोडली, मला अर्धी भाकर दिली आणि बजावलं की ऐकणारीने पुढे सांगावी लागते, पोटात ठेवायची नाही. मी तिचं नावही विचारलं नाही. तिने माझ्या घरचं काही विचारलं नव्हतं, आणि मी सांगितलंही नव्हतं.

गाडी सुरू झाली तेव्हा लोणार गाठून परतणं शक्य नव्हतं. समोरून मेहकरची गाडी येत होती. मी तीत चढले, रिकामा तांब्या मांडीवर घेऊन. आईला काय सांगणार होते? पण खरं सांगते, त्या गाडीत कितीतरी दिवसांनी माझ्या छातीवरचा दगड उतरला होता. आईला सगळं सांगितलं. ती तांब्याकडे बघत राहिली, मग म्हणाली, “कहानी तं आणली ना? सांग मंग. मी हुंकार देतो.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शकूच्या उशाशी बसले. आई पायथ्याशी, बाबा दारात चष्मा हातात घेऊन. मी सांगू लागले आणि मला आवरेना! त्या बाईच्या तळ्यात मी जपानची गुहा आणली, ग्रीकांची ती मुलगी आणली, पिकं थोपवून बसलेली तिची आई आणली. सगळ्या एकाच पायऱ्या उतरत होत्या, सगळ्यांच्या मागे घरी कुणीतरी बसलेलं होतं. ज्यांना मी थापाडे म्हणत होते ती सारी माणसं माझ्यासारखी कुणाच्या तरी उशाशी बसलेली होती! आई प्रत्येक वाक्याला हुं म्हणत होती. शेवटच्या दारापाशी आले तेव्हा मागे दूध उतू जाण्याचा वास आला आणि आई चुलीकडे धावली. मी म्हटलं, “दारवान म्हणाला, तेही ठेव,” आणि सवयीने थांबले. हुंकार आला नाही. बाबांनी हुंकार द्यायला तोंड उघडलं, पण मी हात वर केला. का, ते मलाही माहीत नाही. मी शकूला हाक मारली नाही. हलवलं नाही. नुसती बसून राहिले, दारात बसावं तशी.

“हुं,” शकू म्हणाली.

अगदी बारीक, सुकलेला आवाज. बाबांच्या हातातला चष्मा खाली पडला. शकूचे डोळे भिंतीवरून सरकत माझ्यावर आले आणि ओठ पुन्हा हलले. “मंग?”

मग मी पुढचं सांगितलं. कसं सांगितलं, रडत की हसत, ते आईला विचारा. ती चुलीपाशी उभी राहून ऐकत होती आणि दूध सगळं उतू गेलं होतं. डॉक्टर म्हणाले, मी म्हटलं होतं ना, येतात परत. त्यांचं खरं आहे, मी त्यांच्याशी वाद घालणार नाही. गाडी सुलतानपूरलाच का बंद पडली, यावरही मी कुणाशी वाद घालणार नाही. मला एवढंच कळतं की मी पाणी आणायला निघाले होते आणि कुणीतरी मला दुसरंच काही देऊन परत पाठवलं. ज्याने कुणी ते दिलं त्याला, किंवा तिला, माझे हात जोडलेले आहेत, आणि नाव ठाऊक नसल्याने ते सगळ्याच दिशांना जोडलेले आहेत.

पत्रकं मी अजून लिहिते. हुंड्याविरुद्ध तर अधिकच कडक. त्या एका पत्रकाचा मथळा मात्र मी त्याच आठवड्यात मोडला आणि खिळे पेटीतल्या आपापल्या खणांत टाकले. उपास मी करत नाही. पण श्रावणातल्या रविवारी मुठीत ज्वारीचे दाणे घेऊन एखादं ऐकणारं माणूस शोधते, कहाणी सांगते, आणि शेवटच्या दारापाशी आले की समोरचा हुंकार येईपर्यंत थांबते. आता मला थांबता येतं.