उमराव बाईच्या चेहऱ्यावरची भोकं

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. बाबा अमेरिकेत, वॉशिंग्टनजवळच्या हर्नडनमधल्या एका इंडियन रेस्टॉरंटात स्वयंपाक करायचे, आई शेजारच्या किराणा दुकानात काउंटरवर असायची. त्यामुळे मी चित्रकलेच्या इतिहासाचा कोर्स का घेतला, हे घरी समजावता येईना. खरं तर मलाही नीट सांगता आलं नसतं. वर्गातली मुलं लहानपणापासून म्युझियमं बघत आलेली. मी तोंडच उघडत नव्हते. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत रजिस्ट्रारच्या ऑफिसात जाऊन कोर्स सोडता येणार होता, आणि मी करणारच होते.

त्याच आठवड्यात प्रोफेसरबाईंनी आम्हाला वॉशिंग्टनमधल्या एका म्युझियममध्ये नेलं. पाचशे वर्षांपूर्वी खडूनं काढलेली एक इटालियन उमराव बाई. चेहरा एका बाजूनं, केस मोकळे, गालावर तांबूस खडूचा हलका हात. जवळून बघितलं तर कपाळ, नाक, हनुवटी, सगळ्या रेषांवर बारीक भोकं.

"कशाची असतील?" प्रोफेसरबाईंनी विचारलं.

"किड्यांनी खाल्लं," एक मुलगा म्हणाला.

"नवऱ्यानं रागानं टोचलं असेल," त्याची मैत्रीण म्हणाली.

मला आमचा ठिपक्यांचा कागद आठवला. दिवाळीआधी आई जाड कागदाला उदबत्तीनं सारख्या अंतरावर भोकं पाडते. वरून रांगोळी फिरवली की खाली ठिपके उमटतात. आदल्या वर्षी त्या धुरानं स्मोक अलार्म वाजला, तेव्हा बाबा खुर्चीवर चढून टॉवेल हलवत ओरडले होते, "उदबत्ती देवासाठी आणली होती, फायर ब्रिगेडसाठी नाही!"

माझा हात वर गेला. "भोकांतून पावडर पाडत असतील. चित्र खाली उतरतं." तेवढ्यावर थांबायचं, तर मी पुढे म्हणाले, "बहुतेक तिच्या दारासमोर, जमिनीवर. सणासुदीला."

"म्हणजे लोक तिच्या तोंडावर पाय देऊन जाणार?" तो मुलगा म्हणाला. सगळे हसले.

प्रोफेसरबाई हसल्या नाहीत. "जमिनीवर नाही, लाकडी फळीवर. मग त्यावर रंगवायचे. आणि पावडर कोळशाची. बाकी बरोबर. कुठे वाचलंस?"

"वाचलं नाही. आमच्या घरी करतात."

"मग शुक्रवारच्या तासाला करून दाखव."

घरी त्या बाईची झेरॉक्स टोचायला बसले. आईनं वाकून पाहिलं. "कुणाच्या स्थळाचा फोटो हा? असा बाजूनं का काढलाय गं? दुसरा डोळा तिरळा आहे की काय?"

"आई, ती उमराव आहे."

"असू दे की. तरी चौकशी करावी."

बाबा टॉवेल घेऊन अलार्मखाली उभेच होते. "सुईनं करतेय, बाबा," मी म्हटलं, तेव्हा कुठे बसले.

शुक्रवारी वर्गात फळीवर कागद धरला, कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी थापटत नेली आणि कागद उचलला. नाक, हनुवटी, मान, सगळं ठिपक्याठिपक्यांनी खाली उतरलं होतं. हसलेला तो मुलगा पुढे सरकला. "पुन्हा कर ना, यावेळी मी धरतो."

पुन्हा केलं. संध्याकाळी रजिस्ट्रारचं ऑफिस बंद झालं, तेव्हा मी बेसिनपाशी काळे झालेले हात धूत होते.