ड्रॅगनला कौल

तुम्हाला देव घडवायला बसवलं, तर तो काय करणार नाही हेच आधी लिहाल का? मी तेच लिहिलं.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी, बारामतीत कॉलेजात असताना, आम्ही तिघं मित्र कागदावर एक खेळ खेळायचो. राज्यं आमची, डोंगर आमचे, फासा सापशिडीचा. त्या जगाचा धर्म लिहायचं काम माझ्याकडं आलं. माझे वडील बुवाबाजीविरुद्ध पत्रकं छापून बाजारात वाटायचे. उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर मी धर्म लिहिला: डोंगराखाली ड्रॅगन झोपलाय, त्याच्या श्वासानं दगड कोमट आहेत, ज्याला हवं त्यानं हात टेकून बसावं. पुजारी नाही, नारळ नाही, नवस नाही, कौल नाही. प्रत्येक 'नाही'खाली लाल रेघ.

"द्येव हाय का सरकारी नोटीस?" दोघांतला निरवांगी गावचा मित्र हसला. त्याच्या घरी मेंढरं होती तेव्हा ती कुठं न्यायची हे कौल लावून ठरायचं. देवाच्या दोन्ही बाजूंना एकेक फूल चिकटवायचं. उजवीकडचं पडलं की होकार.

त्या हिवाळ्यात त्याचे वडील बारामतीतच दवाखान्यात होते. एका दुपारी तो तिथून थेट एसटी स्टँडच्या बाकावर खेळायला आला. खेळातला त्याचा योद्धा ड्रॅगनच्या डोंगरापाशी पोचला.

"कौल लावतो. सहा पडला तर आबा घरी येत्याल."

"खेळातले आबा?"

"तूच सांग की."

मला कळलं होतं. तरी मी कागद पुढं सरकवला. "या धर्मात कौल नाही."

"आरं, टाकू दे की," तिसरा म्हणाला. "तुझं काय जातंय?"

"आज कौल, उद्या पुजारी. मग हे जग वेगळं कशाला केलं?"

निरवांगीच्या मित्रानं फासा टाकला आणि आकडा दिसायच्या आत त्यावर तळहात ठेवला. त्यानंही तो पाहिला नाही. तसाच मुठीत घेऊन उठला. "झोपू दे तुझ्या ड्रॅगनला."

आबा घरी आले नाहीत. दहाव्याला मी मागं उभा राहिलो आणि तिथूनच परतलो. दुःखातल्या माणसाला म्हणायचं एकही वाक्य मी लिहिलेलं नव्हतं. मित्र पुढं माळेगावला कारखान्यात लागला. भेटला की एसटीची वेळ विचारतो, बाकी काही नाही.

कौलानं आबा वाचले नसते, हे मी आजही मानतो. ते खरं आहे, आणि त्याचा कुणालाच उपयोग झाला नाही.

तुमच्या घरात कुणी असा धर्म लिहीत असेल, तर त्याचे नियम नंतर वाचा. दवाखान्यातून उठून आलेल्याला तुझा ड्रॅगन काय म्हणतो, एवढं आधी विचारा. ते लिहून होईपर्यंत त्या लिहिणाऱ्याच्या हातात फासा देऊ नका.